पीठ लावलेला दगड

तर झालं असं, की संक्रांतीचा कार्यक्रम होता. रियाधच्या बाहेर ते इस्तिराहा असतात ना, भिंतीआड लॉन, दोन मोठ्या खोल्या, पोरांना डुंबायला हौद, दिवसाच्या भाड्याने मिळतात, तशा एका इस्तिराहात अख्खं मराठी मंडळ जमलेलं. हळदीकुंकू झालं, तिळगूळ वाटून झाला, पुलाव अजून यायचा होता, आणि त्या मधल्या वेळात सादिया परकार बोलायला उभी राहिली. मूळची रत्नागिरीची, इथे एका प्रोजेक्टवर जुने शिलालेख वाचायचं काम करते, मंडळात नवीन. सगळ्यांना वाटलं चार स्लाइड्स दाखवेल आणि बसेल. पण बाई बोलायला लागली आणि हौदातली पोरंसुद्धा टॉवेल गुंडाळून येऊन बसली.

गोष्ट शपीराची. एकोणिसाव्या शतकातला जेरुसलेमचा दुकानदार, जुन्या वस्तू विकणारा. याने आधी बर्लिनच्या म्युझियमला मातीची भांडी विकलेली, त्यावर प्राचीन अक्षरं, आणि ती सगळी निघाली बनावट. कुणी बनवली, याला माहीत होतं की नाही, ते आजही कळलेलं नाही. पण नाव गेलं ते गेलं. मग काही वर्षांनी हाच माणूस लंडनला आला, चामड्याच्या काळ्या पडलेल्या पट्ट्या घेऊन. त्यावर मोशेचं शेवटचं भाषण, पण बायबलमध्ये आहे त्याहून वेगळं, बहुतेक त्याहून जुनं. लंडन वेडं झालं. लोक रांगा लावून बघायला आले. आणि मग आला एक फ्रेंच पंडित, ज्याने ती भांडी बनावट ठरवली होती तोच. त्याला पट्ट्या नीट हाताळूही दिल्या नाहीत, लांबूनच बघितल्या, आणि तरी छातीठोक सांगून मोकळा झाला, खोट्या. म्युझियमच्या पंडितानेही तेच सांगितलं. त्याआधी मृत समुद्राच्या पलीकडे मवाबच्या राजाचा एक शिलालेख सापडलेला होता. पट्ट्यांवरची अक्षरं त्याच्याशी जुळत होती. आता जुळतात म्हणजे खरी असणार, असं आपल्याला वाटेल. त्यांना वाटलं, जुळतात म्हणजे तिथूनच कॉपी केली. शपीराने पुढच्या वर्षी रॉटरडॅमच्या एका हॉटेलात स्वतःला गोळी घातली. पट्ट्या लिलावात कवडीमोलाने गेल्या आणि पुढे हरवल्या. नंतर त्याच समुद्राकाठच्या गुहांत दोन हजार वर्षांची चामडी पुस्तकं सापडली, आणि आता काही अभ्यासक म्हणतात, अहो, त्या पट्ट्या खऱ्या असू शकतील. पण तपासणार काय?

शेवटी सादिया म्हणाली, "त्यांनी चामडं तपासलंच नाही. माणूस तपासला." अहिल्या वहिनींनी डोळे पुसले. पुलाव आला तरी कुणी उठेना.

आणि सगळ्यात मागे खुर्चीत पुष्कर बसलेला. त्याला तर जागचं हलवेना.

कारण काय, तर दिवा. पुष्कर म्हणजे आपला एमआरआयच्या मशिनी दुरुस्त करणारा इंजिनियर, रियाधच्याच मलाझ भागात राहतो, बायको निधी फिजिओथेरपिस्ट. भोरचा पोरगा. कॉलेजात असताना दर रविवारी किल्ल्यावर, आणि किल्ल्यावर दगडात अक्षर दिसलं की हा तिथे आडवा. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी जेद्दाला गेला होता, तिथल्या जुन्या बाजारातून एक मातीचा दिवा घेऊन आला आणि मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकून हा लांबलचक निबंध लिहिला, हा दिवा दोन हजार वर्षांपूर्वीचा कसा, व्यापारी मार्ग काय, सगळं. रमेशकाका मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, तर दिव्याच्या बुडाला साच्याची शिवण, प्लास्टिकच्या बादलीला असते तशी. काकांनी फक्त लिहिलं, "छान दिवे लावलेस." झालं. तेव्हापासून पुष्कर दिसला की दिवा. गणपतीत आरतीला उभा राहिला तरी कुणीतरी मागून, "पुष्कर आहे ना, मग दिव्याची काळजी नको." तो हसायचा. निधीला माहीत होतं हसून घरी आल्यावर तो कसा गप्प बसतो ते.

म्हणून त्या दिवशी त्याला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या बाजूने बोललं. तिने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं, हा भाग वेगळा.

आता पुढे ईदची सुट्टी. पुष्कर, निधी आणि उमैर, असे तिघं निघाले हाईलच्या पलीकडे, तैमाच्या रस्त्याला. उमैर श्रीवर्धनचा, रियाधच्या बत्था बाजारात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, आणि वाळूत गाडी चालवावी तर त्यानेच. रस्ता सोडून आत गेले, लाल खडकांची एक ओळ होती, तिच्या सावलीत गाडी लावली. निधीने गॅस पेटवला, भाकऱ्या करायला घेतल्या. सोलापूरहून तिच्या आईने पाठवलेलं ज्वारीचं पीठ, डबा कायम सोबत. आणि पुष्कर मागे गेला होता तो ओरडतच आला. हत्तीएवढा एक सुटा दगड पडलेला, आणि त्यावर अक्षरं. त्या भागात दगडावर नावं खरडलेली पुष्कळ दिसतात, एकेक ओळ, बाजूला उंट. हे तसं नव्हतं. चार ओळी होत्या, सरळ, नीट कोरलेल्या.

पण ऊन डोक्यावर, अक्षरं अजिबात उठून दिसेनात. मग पुष्करने काय केलं? भोरचा ट्रेकर जे करतो ते केलं. डबा उचलला, मूठभर पीठ घेतलं आणि तळहाताने दगडावर चोळलं. आपल्याकडे किल्ल्यावर शिलालेख सापडला की पोरं तेच करतात. खाचेत पीठ बसतं, वरचं फुंकून टाकायचं, अक्षर दुधासारखं वर येतं. आलंच. त्याने फोटो काढले. आणि मग, दगड घाण ठेवायचा नाही म्हणून, वीस लिटरचा पाण्याचा कॅन आणि निधीचा भांडी घासायचा काथ्या घेऊन अख्खा दगड स्वच्छ धुतला. देव धुवावा तसा. उमैर बघत होता. म्हणाला, "मी काय बोलतो, याला साबण पण लावू काय?"

त्याच संध्याकाळी पुष्करने नियमाप्रमाणे हेरिटेजवाल्यांना कळवलं, जागा पाठवली, फोटो पाठवले. एक संच सादियाला. तिचा फोन आला तेव्हा ती चालता चालता बोलत होती, धाप लागलेली. चार ओळींत विहीर खणल्याचं लिहिलंय म्हणाली, आणि खणणाऱ्यांच्या टोळीचं नाव. ते नाव बायबलमध्ये दोनदा येतं, दगडावर आजवर कुठेच नाही. "पुष्कर, तुला कळतंय का तुला काय मिळालंय?" पुष्करला कळत होतं. त्याला हेही कळत होतं, की आता मंडळात कुणी दिवा म्हणणार नाही. खरं सांगायचं तर ती टोळी, ती विहीर, ते बायबल, सगळं त्याला त्या एका गोष्टीसाठी हवं होतं.

दगड खरा की खोटा, यावर मत द्यायचं काम सादियाच्याच प्रोजेक्टकडे आलं. प्रोजेक्टचा मुख्य एक परदेशी प्रोफेसर. त्यांची माणसं दगडापाशी जाऊन नमुने घेऊन आली. आणि सादियाने, तशी पद्धतच असते म्हणे, शोधणारा माणूस कसा आहे ते रमेशकाकांना विचारलं. काकांच्या मनात काही वाईट नव्हतं हो. त्यांना गंमत वाटली. त्यांनी दिव्याचा तो जुना फोटो पाठवला, पुष्करच्या निबंधासकट, खाली हसणारे चेहरे.

उन्हाळा लागायच्या आत पुष्करला ऑफिसला बोलावलं. टेबलावर दिव्याच्या फोटोचं प्रिंट होतं. सादियाने ते उलटं करून ठेवलं, पण त्याने बघितलं होतं. मग तिने रिपोर्ट सांगितला. खाचा ताज्या दिसतात, कारण शेकडो वर्षांत खाचेत जी पुटं चढतात ती खरवडून गेलीत. खाचेत धान्याचं पीठ, काथ्याचे तंतू. शिवाय तिसऱ्या ओळीतलं एक अक्षर, एका बाजूचा कान मोडल्यासारखं, असं अक्षर या लिपीत कुठेच सापडलेलं नाही. खोटं, असं लिहिलं नव्हतं. शंकास्पद लिहिलं होतं.

पुष्करने पीठ का, काथ्या का, सगळं सांगितलं. भोर, किल्ले, सगळं. सांगताना त्याचं त्यालाच ऐकू येत होतं की हे किती फालतू वाटतंय. मग म्हणाला, "ताई, तुम्हीच म्हणालात ना, चामडं तपासलं नाही, माणूस तपासला."

"इथे आम्ही दगड तपासलाय, पुष्कर."

"मग तो फोटो कशाला?"

तिने चहा मागवला. तो चहा न पिता निघून आला, आणि घरी येऊन निधीला म्हणाला की पिठाचा तो डबा फेकून दे. निधी म्हणाली, "डब्याने काय केलंय?" आणि त्याच पिठाची भाकरी करून त्याला वाढली. त्याने खाल्ली.

मंडळात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो. एकजण म्हणाला, या वेळी पिठाचा दिवा लावला वाटतं.

आता ऐका, खरी गोष्ट पुढे आहे. थंडी पडायला लागली तेव्हा उमैर एका गिऱ्हाइकाला घेऊन त्याच बाजूला गेला होता. तिथून त्याचा फोन. त्या मोठ्या दगडाच्या मागच्या अंगाला कड्याच्या पायथ्याशी वाळू असते ना, ती वाऱ्याने उतरलीय, आणि खाली अजून अक्षरं दिसतायत. पुष्कर दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून पोचला. पोटावर झोपून बघितलं. दोन ओळी होत्या. आणि दुसऱ्या ओळीत तेच अक्षर, कान मोडलेलं. तेच, तसंच, खाचेत जुनं काळं पुट धरलेलं, वरून पिवळसर खवले. पुष्करने हात मागे बांधून घेतले, चुकून लागू नये म्हणून. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडत होता.

उमैर म्हणाला, "झालं. आता तू यांना दाखवू नको."

पुष्करला कळेना. अरे, हाच तर पुरावा. जे अक्षर जगात कुठेच नाही म्हणतात ते इथे, दहा पावलांवर, हात न लागलेलं. उमैर डोकं खाजवत राहिला. तो म्हणाला की मला तुझ्या त्या लिपीतलं काही कळत नाही, पण मी दुकानदार आहे. एकदा बोंबाबोंब झाली की हा डुप्लिकेट माल विकतो, मग ओरिजिनल दाखवला तरी गिऱ्हाईक बोलतं, याच्यावरूनच डुप्लिकेट काढला असशील. पुष्कर हसला. घरून निधीनेही फोनवर तेच विचारलं, अगदी दाखवायलाच पाहिजे का. तो म्हणाला, मग मी कशासाठी शोधतोय?

आणि त्याने दाखवलं. स्वतः सादियाला आणि प्रोफेसरला घेऊन गेला. उमैरची गाडी, उमैरचं पेट्रोल. प्रोफेसर गुडघ्यावर बसला, त्याच टोळीचं नाव इथेही वाचलं आणि उठेचना. परतताना गाडीत तो सारखा खिडकीबाहेर बघून हसत होता, लहान मुलासारखा. त्याने पुष्करचा हात हातात घेऊन दाबला. सादिया मागच्या सीटवर गप्प होती. पुष्करला वाटलं, तिला लाज वाटतेय. त्याने मनातल्या मनात तिला माफसुद्धा करून टाकलं.

पुढची संक्रांत, तोच इस्तिराहा. तोवर पेपरात येऊन गेलेलं, की अमुक टोळीचं नाव पहिल्यांदाच दगडावर सापडलं, प्रोजेक्टच्या टीमला. मंडळाने सादियाचा सत्कार ठेवला होता, शाल, श्रीफळ. पुष्कर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा कुर्ता, शेजारी निधी. स्लाइड आली, वाळूखालच्या दोन ओळी. टाळ्या. मग पुढची स्लाइड, तो मोठा दगड, त्याचा, पीठ लावलेला. आणि सादिया खालमानेने कागद बघत वाचत गेली. जवळच असलेला चार ओळींचा लेख अलीकडच्या काळातला आहे. कड्यावरच्या मूळ लेखावरून तो उतरवला असावा, कारण ते दुर्मिळ अक्षर दोन्हीकडे हुबेहूब तसंच आहे. मूळ लेखाची जागा एका स्थानिक हौशी भटक्याने दाखवली, त्याचे आभार.

भटका. नाव नाही. पण तिथल्या प्रत्येकाला नाव माहीत होतं.

म्हणजे बघा, ते अक्षर कुठेच नव्हतं तेव्हा कुठेच नाही म्हणून याचा दगड खोटा. आणि सापडलं तेव्हा सापडलं म्हणून खोटा. आधी वाळू उकरून याने बघितलं, कोरलं, परत वाळू लोटली, आणि मग साळसूदपणे दाखवायला घेऊन आला, असा त्याचा अर्थ. वर्षापूर्वी ज्या लॉनवर शपीरासाठी डोळे पुसले होते, तिथेच माणसं मान वळवून वळवून याच्याकडे बघत होती. अहिल्या वहिनी निधीला हळूच म्हणाल्या, "अगं, हौस असते एकेकाला. मनावर नको घेऊ." निधीने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. आणि रमेशकाका, खरंच सांगते, त्यांनाही काहीतरी खटकलं होतं, पण त्यांच्या तोंडून निघालं तेच. म्हणाले, "पुष्कर, या वेळचा दिवा मात्र मोठा होता रे."

जेवणानंतर हात धुवायच्या नळापाशी सादिया त्याच्या मागून आली. शाल खांद्यावरून घसरत होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाली, "तुझा दगड खरा आहे."

पुष्कर हात धूत राहिला.

"मला पहिल्या दिवसापासून माहितीये. त्या चार ओळींत क्रियापदं जुनी आहेत, ती तुला बसवता आलीच नसती. पण सर म्हणाले, पिठाचा दगड आपल्या रिसर्च पेपरात ठेवला तर दुसऱ्यावरही लोक शंका घेतील. एकाला खोटं म्हटलं की दुसरा खरा ठरतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"माझा इथे राहायचा इकामा या प्रोजेक्टवर आहे, पुष्कर. पोरीची दहावी आहे. पेपरवर सही नाही केली तर महिन्याभरात सामान बांधायचं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दगड कुठे जातोय? तिथेच आहे. मी दुसरीकडे लागले की सगळं लिहीन. परत तपासतील. तुझं नाव घालीन."

आता बघा, या माणसाला एवढंच हवं होतं, कुणीतरी म्हणावं की तुझा दगड खरा आहे. ते मिळालं. नळाचं पाणी चालू असताना, कुणाला ऐकू जाणार नाही असं. तो म्हणाला, "शपीराला पण कुणीतरी असं नळापाशी सांगितलं असेल, ताई." आणि रुमाल नव्हता म्हणून कुर्त्याला हात पुसत निघून गेला. निधीने गाडीत विचारलं, काय म्हणाली. तो म्हणाला, पोरीची दहावी आहे म्हणाली.

त्यानंतर किल्ले नाहीत, दगड नाहीत, शुक्रवारी घरात पडून राहायचा. उमैरच मागे लागला. चल, म्हणाला, त्या बाजूला रस्ता झालाय, बोर्ड लागलेत, निदान बघून येऊ, गाडीपण फिरेल. आणि पुष्करच्याही मनात होतंच, दगड तिथेच आहे, एकदा हात लावून येऊ. निधीने डबा बांधून दिला.

गेले. खरंच रस्ता झाला होता. कड्याला जाळीचं कुंपण, दोन ओळींवर छोटं छप्पर, पितळी पाटी अरबीत आणि इंग्रजीत. बाहेर मोठं पार्किंग, खडी टाकून रोलर फिरवलेलं. पंधरावीस गाड्या, पोरं कुंपणापाशी सेल्फी काढतायत. पुष्करने गाडी लावली आणि उतरून इकडेतिकडे बघायला लागला. हत्तीएवढा दगड हो, दिसायला पाहिजे होता. कड्यापासून दहा पावलं. त्याने दहा पावलं मोजली. खडीच होती.

गार्ड पाकिस्तानी होता, गप्पिष्ट. उमैरने हिंदीत विचारलं, इथे एक मोठा पत्थर होता ना. तो म्हणाला, हां, था ना, वो नकली वाला. कोणीतरी बनवलेला होता, साहेबांच्या यादीत तो नव्हता, म्हणून ठेकेदाराने फोडून भरावात घातला. पार्किंग सपाट करायला फार कामाला आला म्हणे. आणि बुटाने पायाखालची खडी दाबून दाखवली, बघा, कशी पक्की बसलीय.

उमैर खाली वाकला. चारपाच खडे उचलून उलटेपालटे करून बघितले. लाल होते, सगळे सारखेच. एक खिशात घालायला लागला तर पुष्कर म्हणाला, "ठेव खाली. गार्ड बघतोय. परत म्हणतील चोरला."

"सादियाताईला फोटो पाठवू?" उमैरने विचारलं.

पुष्करने मान हलवली. पाठवू नको.

डबा तसाच मागच्या सीटवर होता. आत कुंपणाकडे कुणीही गेलं नाही, ना हा, ना तो. उमैर म्हणाला, "यल्ला, निघायचं?" पुष्कर स्टिअरिंगवर बसला, रिव्हर्स टाकला, आणि ब्रेकवर पाय ठेवूनच, अगदी इंच इंच, मागे वळून वळून बघत गाडी काढायला लागला. मागून कुणीतरी हॉर्न दिला. तरी त्याने चाकं सावकाशच फिरवली.